मॉर्वांच्या रानवाटा आणि धांवणारे लोक

शहरांत राहणाऱ्या माणसाला धांवणें म्हटलें म्हणजे मैदानाचे फेरे किंवा समुद्रकांठचा डांबरी रस्ता आठवतो. फेरे किती झाले आणि मिनिटें किती लागलीं, एवढी नोंद ठेवली कीं त्याचें काम संपलें. डोंगराळ रानांतून धांवणाऱ्याचें गणित निराळें असतें, आणि तें समजून घ्यावयाचें तर फ्रान्समधील मॉर्वां हा मुलूख पाहावा. पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें दोनशें ते अडीचशें किलोमीटरांवर, बर्गंडीच्या मध्यभागीं हा ग्रॅनाइट खडकाचा उंचवटा आहे. ओ-फोलें हें त्याचें सर्वांत उंच शिखर अवघें ९०१ मीटर. आल्प्सचा थाट येथें नाहीं. पण ओक, बीच आणि चेस्टनटचीं रानें, मधून मधून पांढऱ्या शारोले गाईंचीं कुरणें, ओढे, तळीं आणि विखुरलेल्या वाड्या यांनीं हा प्रदेश गजबजलेला आहे. १९७० सालीं त्यास प्रादेशिक निसर्गोद्यानाचा दर्जा मिळाला.

श्रोतेहो, येथें धांवण्यासाठीं म्हणून मुद्दाम कोणी वाटा केलेल्या नाहींत. ज्या आहेत त्या सर्व पूर्वींच्या कष्टकरी लोकांच्या. दोन्ही बाजूंस कुंपणाचीं झाडें आणि मध्यें शेंकडों वर्षांच्या वर्दळीनें खोल गेलेली वाट, हें मॉर्वांतील नेहमींचें दृश्य होय. आपल्याकडे अशा वाटेला पाणंद म्हणतात. मला तरी त्याहून योग्य शब्द सुचत नाहीं. दुसऱ्या कित्येक वाटा लांकूडतोड्यांच्या. सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पॅरिसच्या चुलींना आणि शेगड्यांना लागणारें पुष्कळसें सर्पण येथून जात असे. ओंडक्यावर मालकाच्या खुणेचा ठसा हातोड्यानें उमटवीत, तो ओढ्यांत टाकीत, आणि वरच्या तळ्यांचीं दारें उघडून सोडलेल्या लोंढ्याबरोबर तो खालीं वाहून नेत. पुढें योन नदीवरील क्लाम्सीसारख्या ठिकाणीं ओंडके वेंचून त्यांचे तराफे बांधीत, आणि ते तराफे सेन नदीनें राजधानीस पोंचत. सेतों येथील मोठा जलाशय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधला गेला तो याच कामासाठीं. आज त्याच्या कांठानें सुमारें १५ किलोमीटरांचा फेरा होतो, आणि नवख्या माणसाने मॉर्वांतील धांवण्यास तेथूनच आरंभ करावा. वाट बहुतेक सपाट असून चुकण्याची भीति नाहीं.

गांवें ओस पडत गेलीं, माणसें पोटासाठीं बाहेर पडलीं. एकोणिसाव्या शतकांत येथील पुष्कळ बायका स्वतःचें तान्हें मूल घरीं ठेवून श्रीमंतांचीं मुलें पाजण्यासाठीं पॅरिसला जात. तो एक स्वतंत्र आणि दुःखाचा विषय आहे. वाटा मात्र मागें राहिल्या. त्यांना नवें आयुष्य मिळालें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ सालीं फ्रान्समध्यें लांब पल्ल्याच्या पायवाटांसाठीं एक राष्ट्रीय समिति स्थापन झाली आणि झाडांवर, दगडांवर रंगाच्या खुणा करण्याचें काम सुरू झालें. पांढरा पट्टा आणि त्याखालीं तांबडा, ही लांब पल्ल्याच्या वाटेची खूण. पिवळा व तांबडा ही एखाद्या प्रदेशाला वळसा घालणाऱ्या वाटेची. नुसता पिवळा म्हणजे अर्ध्या किंवा एका दिवसाचा लहान फेरा. फुली दिसली कीं ती आपली वाट नव्हे. हें रंगकाम वर्षानुवर्षें बिनपगारी स्वयंसेवक करीत आले आहेत. मॉर्वांतून १३ क्रमांकाची लांब पल्ल्याची वाट जाते. एक पांढरा-तांबडा तुकडा आणि दोन पिवळे तुकडे जोडून मनाजोगता फेरा आंखतां येतो.

तो आंखतांना केवळ अंतर पाहून भागत नाहीं. सरकारी मोजणीखात्याचा पंचवीस हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा पुढें घेऊन त्यावरील समोच्च रेषा मोजाव्या लागतात. शंभर मीटर चढ हा सपाटीवरील एका किलोमीटराइतका धरावा, असा तेथील धांवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे बारा किलोमीटरांची वाट आणि एकूण चारशें मीटर चढ असेल, तर अंगाला सोळा किलोमीटरांचा हिशेब द्यावा लागतो. हा ठोकताळा उताराचें कांहींच सांगत नाहीं, हा त्याचा मोठा दोष. चढ दम काढतो, पण मांड्या आणि गुडघे मोडतो तो उतार. त्यांतून शरद ऋतूंत बीचच्या पानांचा थर साचला म्हणजे खालचा ओला ग्रॅनाइट दिसत नाहीं. पावलें आंखूड टाकावीं, नजर चार-पांच पावलें पुढें ठेवावी. घड्याळाकडे पाहण्याची ही जागा नव्हे.

सर्वांत रम्य वाट कोणती असें विचाराल तर मी ब्युव्रे पर्वताची सांगेन. ८२१ मीटर उंचीच्या या डोंगरावर एदुई नांवाच्या गॉल जमातीची राजधानी बिब्राक्त वसलेली होती. इसवी सनापूर्वीं ५२ सालीं व्हेर्सिंजेतोरिक्स याला सर्व गॉल लोकांचा सेनानायक म्हणून मान्यता मिळाली ती येथेंच, आणि त्याचा पराभव झाल्यावर सीझरनें त्या वर्षींचा हिवाळा येथेंच काढला. धांवणारा आज त्या प्राचीन तटाच्या दारांतून आंत शिरतो. वरच्या अंगास बीचचीं जुनीं झाडें लागतात. एके काळीं कुंपणासाठीं त्यांच्या फांद्या वांकवून आडव्या विणल्या होत्या. पुढें छाटणारे हात राहिले नाहींत, आणि तीं झाडें वेडींवांकडीं, पिळदार अशीं आकाशाकडे वाढलीं. धांवतां धांवतां बहुतेकजण येथें थांबतात, आणि त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

पाण्याची एक युक्ति सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधील खेड्यांत दुकान मिळेलच असें नाहीं, पण बहुतेक ठिकाणीं दफनभूमींत फुलझाडांसाठीं नळ असतो. जाणते धांवणारे नकाशावर ती खूण आधीं शोधून ठेवतात. पाणी पिण्याजोगें नाहीं अशी पाटी नाहीं ना, एवढें मात्र पाहावें. घरीं परतल्यावर पायांवर गोचीड चिकटली आहे कीं काय हेंहि तपासावें. या रानांत तिच्या दंशानें लाइम नांवाचा रोग होतो.

आतां थोडें अप्रिय. १९४६ पासून सरकारी निधीच्या साहाय्यानें मॉर्वांत डग्लस फर या अमेरिकन सूचिपर्णी वृक्षाची मोठी लागवड झाली. चाळीस-साठ वर्षांत तो तोडीला येतो, आणि मग डोंगराची अख्खी बाजू एकदम बोडकी केली जाते. अवजड यंत्रांच्या चाकांनीं जुनी पाणंद गुडघाभर चिखलाची होते, खुणांचीं झाडें ओंडक्यांबरोबर निघून जातात. याला कंटाळून कांहीं नागरिकांनीं वर्गणी काढून पानझडी रानाचे तुकडे विकत घेतले आहेत. लांकडावर पोट असणाऱ्यांचें म्हणणेंहि अगदींच टाकाऊ नाहीं, पण वाट पूर्ववत् करून देणें त्यांना अशक्य आहे असें वाटत नाहीं.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांचा हांका चालू असल्याची पाटी दिसली कीं निमूटपणें मागें फिरावें, आणि एरवीं भडक नारिंगी कपडे घालावे. आठवड्यांतून एक दिवस शिकार बंद ठेवावी ही मागणी सरकारनें २०२३ सालीं मान्य केली नाहीं.

शिवाय फ्रान्समधील सुमारें तीन-चतुर्थांश जंगल खासगी आहे. २०२३ च्या फेब्रुवारींतील कायद्यानें वन्य पशूंना अडविणाऱ्या उंच कुंपणांवर मर्यादा घातली, हें चांगलेंच झालें; पण त्याच कायद्यानें, खासगी मालकीची पाटी असलेल्या रानांत विनापरवानगी शिरणाऱ्यास दंडहि लावला. नेहमींचा दंड १३५ युरो. त्यामुळें गांवच्या सार्वजनिक वाटांना पूर्वींपेक्षां अधिक मोल आलें आहे. या वाटा ग्रामसंस्थेच्या खासगी मालमत्तेंत मोडतात. कोणी तीस वर्षें कबजा ठेवला तर त्या गिळंकृत होऊं शकतात, आणि वापर थांबला असें ठरलें तर विकतांहि येतात. १९८३ च्या कायद्यान्वयें जिल्ह्याच्या पायवाटांच्या यादींत नांव असलेली वाट मात्र पर्यायी वाट दिल्यावांचून तोडतां येत नाहीं. वाट सार्वजनिक आहे कीं नाहीं हें ठरवितांना लोकांची वहिवाट हा आधार धरला जातो; अर्थात् रविवारीं सकाळीं तेथून धांवत गेलेल्यांचीं पावलेंहि त्यांत जमेस येतात. विक्रीपूर्वीं जाहीर चौकशी करावी लागते. तिची नोटीस गांवकचेरीच्या दारावर आणि वाटेच्या दोन्ही टोकांस लावतात, आणि हरकत नोंदविण्यास पंधरा दिवसांची मुदत असते.