इंजिन गप्प, पण जागे

कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर विठ्ठलवाडीजवळ वाहने खोळंबली की हल्ली अनेक गाड्यांची इंजिने आपोआप थांबतात आणि क्लच दाबताच किंवा ब्रेकवरचा पाय उचलताच सुरू होतात. इंधन वाचते, धूर कमी होतो. पण हीच गाडी गॅरेजमध्ये आली की एक जुनी सवय घातक ठरते. आवाज थांबला म्हणजे इंजिन बंद, आता बेल्टला हात लावायला हरकत नाही, हा मिस्त्रींचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या बरोबर होता. आता तो चुकतो. बॅटरी उतरली, एसीची गरज वाढली किंवा ब्रेकचा व्हॅक्युम कमी झाला, तरी काही गाड्यांत संगणक स्वतःच इंजिन सुरू करतो. २०१५च्या मारुती सियाझ एसएचव्हीएससारख्या गाडीत तर अल्टरनेटरच मोटर होऊन बेल्टमार्फत इंजिन फिरवतो. स्टार्टरची परिचित खरखर नाही, म्हणजे हात मागे घ्यायला इशाराही नाही. दुचाकीही यातून सुटलेल्या नाहीत. २०१९च्या अ‍ॅक्टिव्हा १२५ मध्ये थांबलेले इंजिन थ्रॉटल पिळताच सुरू होते.

यावर सांगितले जाते, की बॉनेट उघडले की स्विचमुळे ही यंत्रणा आपोआप बंद होते. बहुतेक गाड्यांत होते, हे खरे. पण तो स्विच चिखल-पाण्यात गंजतो, अपघातानंतरच्या दुरुस्तीत त्याची वायर सुटलेली राहते, आणि गाडीखाली शिरलेल्या माणसासाठी बॉनेट उघडलेलेच नसते. दुसरा मार्ग म्हणून डॅशबोर्डवरचे ‘ऑफ’ बटण सुचवतात. इंजिन आपोआप थांबलेले असताना ते दाबले तर कित्येक गाड्यांत इंजिन लगेच सुरू होते! म्हणून गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन पूर्ण बंद आणि किल्ली गाडीपासून दूर, एवढे झाल्यावरच हात आत घालावा. स्मार्ट-की असेल तर ती खिशात ठेवूनही चालणार नाही, कारण आत बसलेल्या कुणी बटण दाबले तर गाडी तिला ओळखते. घाईच्या वेळी हे कोण करणार, असे कुणी म्हणेल. पण यात अर्धा मिनिटही जात नाही, आणि बेल्ट-पुलीत अडकलेले बोट परत मिळत नाही. रेडिएटरचा विजेचा पंखा मात्र काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही फिरू लागतो, त्यामुळे त्याच्यापासून तेव्हाही लांबच राहावे. सर्व्हिसिंगच्या यादीत ऑइल, फिल्टर, ब्रेक असतातच. बॉनेटच्या स्विचची तपासणीही त्यात हवी, विशेषतः ज्या गाडीचा पुढचा भाग ठोकून दुरुस्त झाला आहे तिच्यात.