पेनिसिलीन टोंचून कां देतात?

इ. स. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथील रॅडक्लिफ रुग्णालयांत अल्बर्ट अलेक्झांडर नांवाचा एक पोलीस शिपाई मरणाच्या दारीं पडून होता. चेहऱ्यावरील जखमेंतून शिरलेल्या जंतूंनीं अंगभर पू करून त्याचा एक डोळाही घेतला होता. १२ तारखेस त्यास पेनिसिलीन शिरेंतून टोंचण्यांत आलें. एका दिवसांत उतार दिसूं लागला. पुढें ज्वर गेला व अन्नावर वासना आली.

परंतु हें औषध शरीरांत टिकत नाहीं. मूत्रपिंडें तें रक्तांतून सारखें उपसून टाकतात. सुमारें अर्ध्या तासांत रक्तांतील औषध निम्म्यावर येतें. फ्लोरी, चेन व हीटली या संशोधकांनीं बुरशीपासून महत्प्रयासानें जमविलेला सांठा असा मूत्रावाटें वाहून जात होता. तेव्हां रोग्याचें मूत्र सायकलीवरून प्रयोगशाळेंत नेऊन त्यांतील पेनिसिलीन पुन्हां वेगळें काढण्यांत येई आणि तेंच त्यास टोंचीत! पांच दिवसांत तेंही संपलें. रोग उलटला आणि १५ मार्च रोजीं तो शिपाई वारला. औषध निरुपयोगी ठरलें असें मात्र नव्हे. तें अपुरें पडलें.

मग तें पोटांत कां देत नाहींत? या मूळच्या पेनिसिलीनचा बराच भाग जठरांतील आम्लानें नासतो, म्हणून सुईवांचून गत्यंतर नाहीं. रक्तांत गेल्यावर तें जंतूंच्या भोंवतालची भिंत बांधण्याचें काम बंद पाडतें व वाढूं पाहणारा जंतू फुटतो. मनुष्याच्या पेशींस तशी भिंतच नसते. कांहींजणांस या औषधाचें वावडें असतें आणि तें जिवावरही बेततें. यास्तव पूर्वीं त्रास झाला असल्यास वैद्यास आधीं सांगणें अगत्याचें आहे.

टंचाई पुढें सरली. पुण्याजवळ पिंपरी येथें सरकारनें १९५४ सालीं कारखाना स्थापिला व दुसऱ्या वर्षीं तेथें पेनिसिलीन निघूं लागलें. मूत्रपिंडांचा उपसा मात्र कारखान्यानें थोडाच थांबतो! त्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं स्नायूंत टोंचल्यावर हळूहळू विरघळणारें बेंझाथीन पेनिसिलीन काढलें. संधिवातज्वर होऊन गेलेल्या मुलांस तो पुन्हां येऊं नये म्हणून तें तीनचार आठवड्यांनीं एकदां दिलें तरी पुरतें. पण त्यानें रक्तांतील प्रमाण अगदीं अल्प राहतें. हृदयाच्या झडपांस जंतूंनीं ग्रासलें असतां तें चालत नाहीं. तेथें आजही मूळचें पेनिसिलीनच दर चार तासांनीं किंवा अखंड थेंबाथेंबानें, कित्येक आठवडे शिरेंतून द्यावें लागतें.