आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

‘‘काकू, राउटर कुठला घेऊ हो? चार शेपट्यांचा की सहा?’’

ऐन स्वयंपाकाच्या वेळी शेजारची सूनबाई दारात उभी. डोळे पाणावलेले. गॅस बंद करून मी बाहेर आले.

लग्नाआधी शाळेत गणित शिकवणारी ही मुलगी. बाळ झालं, नोकरी सुटली. आता संध्याकाळी माडीवरच्या खोलीत बसून आठ मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते. पण वर्ग रंगात आला की चित्र थिजतं, आवाज तुटतो. दोन मुलांच्या आयांनी शिकवणी सोडली. सासरे म्हणाले, ‘‘एवढी कटकट असेल तर बंद कर ते.’’ बोलण्यात राग नव्हता. पण मैत्रिणींनो, घरातल्या बाईचं एकदा बंद झालेलं काम पुन्हा सुरू होणं किती कठीण, हे तुम्हाला का सांगायला हवं? साठवलेले चार हजार रुपये घेऊन ती सर्वांत महाग राउटर आणायला निघाली होती.

म्हटलं, ‘‘थांब गं. आधी आडात पाणी आहे का बघू, मग पोहरा विकत घेऊ.’’

मी काही इंजिनिअर नव्हे, साधी बी.ए. झालेली बाई. पण बचत गटाच्या बायकांचे ऑनलाइन अर्ज भरता भरता केबलवाल्या मुलाला प्रश्न विचारून विचारून थोडंफार शिकले आहे. त्यालाच बोलावलं. तिचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. त्यानं वाय-फाय बाजूला ठेवून लॅपटॉपला थेट वायर जोडली आणि स्पीड टेस्ट लावली. आकडा आला ९४. म्हणजे आड तुडुंब भरलेला! गळती पुढे, घरातच होती.

इथे एक गंमत सांगते. ‘एमबीपीएस’मधला ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल उतरते ती सेकंदाला फार तर साडेबारा एमबीनं. कंपनीनं फसवलं असं समजून उगाच भांडायला जाऊ नका!

मग आम्ही तीन राउटर तपासले. तिचा जुना, माझ्या घरचा आणि माझ्या भाच्याचा नवाकोरा ‘वाय-फाय ६’वाला. जागा दोनच. एक राउटरजवळ, दुसरी तिची माडीवरची खोली. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन वेळा मोजलं आणि आकडे वहीत लिहिले.

जुना राउटर एकाच बँडचा, २.४ गिगाहर्ट्झचा. जवळ ४० च्या आसपास, माडीवर कधी ८, कधी २, कधी एकही नाही! खरं तर अशा वर्गाला ३-४ एमबीपीएस पुष्कळ होतात. अडचण वेगाची नव्हतीच, भरवशाची होती. नळाला बारीक पण सतत धार असली तर हंडा भरतो. मधूनच फुसकन हवा आली की संपलं!

असं का होतं? २.४ चा बँड म्हणजे आठवडी बाजारातली गल्ली. त्यात एकमेकांना धक्का न लावता चालतील अशा वाटा तीनच : १, ६ आणि ११ नंबरचे चॅनेल. आजूबाजूच्या घरांतले राउटर, ब्लूटूथ, चालू असलेला मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा रस्ता रुंद आणि मोकळा. वेग जास्त, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. दोन्ही बँड असलेल्या राउटरला ड्युअल बँड म्हणतात.

माझा ड्युअल बँड राउटर लावला. जवळ ९३, माडीवर २०. भाच्याचा महागडा लावला. जवळ ९४, माडीवर २६. एवढाच फरक? कारण लाइन मुळात १०० ची आणि तिचा लॅपटॉप जुना, वाय-फाय ६ न समजणारा. वाय-फाय ६ चा खरा उपयोग एकाच वेळी बरीच उपकरणं चालणाऱ्या घरात, तेही ती उपकरणं नवी असली तर. आणि शेपट्यांचं म्हणाल, तर नुसत्या संख्येनं वेग वाढत नाही.

तेवढ्यात केबलवाला म्हणाला, ‘‘काकू, राउटर टीव्हीखालच्या कपाटात कोंबलाय, शेजारी लोखंडी कपाट. वर स्लॅब. बिचारा करणार काय?’’ लोखंड, आरसा, पाण्याची टाकी आणि काँक्रीट हे वाय-फायचे वैरी. फायबरचा डबा तिथेच ठेवून, लांब लॅन वायर टाकून आम्ही माझाच राउटर जिन्याच्या वळणावर उंच धरला. माडीवर आकडा आला ६१! तीनदा मोजला, तिन्ही वेळा साठीच्या आसपास.

म्हणजे जागा बदलल्यानं जे साधलं, ते महागड्या राउटरनं साधलं नव्हतं. शेवटी तिनं दोन हजारांच्या आतला साधा ड्युअल बँड राउटर घेतला. उरलेल्या पैशांत छोटा यूपीएस आणला, कारण आपल्याकडे वीज क्षणभर जरी गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. यूपीएस घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जरूर बघा. बरेच राउटर १२ व्होल्टचे, काही ९ चे असतात. आणि फायबरच्या डब्यालाही त्यावरच जोडा, नाहीतर राउटर जागा आणि इंटरनेट झोपलेलं!

आपल्या देशात २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. घरापर्यंत आता त्याच्या कितीतरी पट वेग येऊ लागला आहे. पण दारापर्यंत आलेलं माडीवरच्या सुनेपर्यंत पोचतं की नाही, हे बघायचं कोणी?

आमच्या गल्लीत ते सासऱ्यांनी बघितलं. जिन्याच्या वळणावरच्या फळीवर त्यांचा आवडता रेडिओ असायचा. परवा गेले, तर रेडिओ खाली कोनाड्यात आणि फळीवर राउटर. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, ‘‘रेडिओ काय, कुठेही वाजतो.’’

माडीवरून गणिताचा तास ऐकू येत होता. न तुटता.