शिंगराला आईचं नाव

रात्री १.४०

तबेल्यावरून मामांचा फोन. "मॅडम, पाणी गेलं. या लवकर." संध्याकाळीच घोडीच्या सडांच्या टोकांवर मेणासारखा चीक थिजलेला दिसला होता, म्हणून मी कपडे न बदलताच आडवी झाले होते. मार्च लागला असला तरी मावळात रात्री अजून गारवा आहे.

घोड्या बहुतेक रात्रीच वितात. फार्मवरची माणसं पांगली, दिवे मंदावले, की मगच घोडी मोकळी होते. पण एकदा पाणी गेलं की तिला आणि आपल्यालाही वेळ नसतो. गाय तासभर अडली तरी धीर धरता येतो. इथे अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. मी आधी पडद्याचा रंग पाहते. पांढरट असेल तर ठीक. लाल मखमलीसारखं काही दिसलं तर वार आधीच सुटली आहे, शिंगराचा प्राणवायू तुटला आहे, आणि पडदा त्या क्षणी कापावा लागतो. आज पांढरा आहे. दोन पुढचे पाय, एक किंचित मागे, आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. सगळं जागच्या जागी.

दोन वाजून पाच मिनिटांनी शिंगरी झाली. खुरांवर अजून मऊ, पिवळसर आवरण आहे. पोटात आईला इजा होऊ नये म्हणून ते असतं आणि चालायला लागलं की झडून जातं. नाळेला आम्ही हात लावत नाही. घोडी पडून राहिली तर राहू देतो, ती उठताना नाळ आपसूक तुटते. मग तुटलेल्या टोकाला जंतुनाशक लावायचं. नव्या पोराला शिंगराला धरून उभं करायची घाई होते, मामा त्याला मागे ओढतात. "पडू दे. पडल्याशिवाय पाय कुठं टाकायचा ते कळत नाही."

तासाभरात ती उभी राहिली, चारच्या आत कासेला लागली. या दोन तासांवर पुढचं सगळं आहे. माणसाच्या बाळाला वारेतून आईची प्रतिकारशक्ती मिळते, शिंगराला काहीच मिळत नाही. ते या बाबतीत कोरं जन्मतं. जे मिळायचं ते चिकातून, तेही पहिल्या दिवसात. नंतर आतड्याची ती वाट बंद होते. म्हणून उद्या मी तिचं रक्त तपासणार आणि चीक पुरेसा अंगी लागला का ते बघणार. साडेतीनला जार पडला होता. तो फरशीवर पसरून, तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री केली. राहिला तर घोडी जाते, किंवा वाचून पायांनी अधू होते.

नोंदवहीत मी लिहिते: शिंगरी, तांबडी, कपाळावर चांदणी. नाव अजून नाही. शर्यतीसाठी नाव नोंदेपर्यंत फार्मवर ती आईच्याच नावाने ओळखली जाईल. बाहेरचे लोक आले की पहिला प्रश्न "बाप कोण?" असाच असतो. इथे रात्र काढणारी माणसं तसं विचारत नाहीत.

पहाटे ५.३०

चहा. लसूणघास कापून आला, ओट्स मोजून झाले. कोंडा मी कमीच ठेवायला लावते. त्यात फॉस्फरस जास्त, आणि वाढत्या हाडांना त्याने नुकसान होतं.

सकाळी ७.००

टीझर घोडा कुंपणापलीकडून एकेका घोडीसमोर आणला जातो. त्याच्या नशिबी घोडी नाही, त्याने फक्त माज ओळखून द्यायचा. कान मागे टाकून लाथ झाडली तर घोडी तयार नाही. शेपूट बाजूला करून उभी राहिली तर आहे. मग मी सोनोग्राफीला बसते. बीजकोष किती वाढलाय, कधी फुटेल याचा अंदाज घ्यायचा आणि घोड्याची वेळ ठरवायची.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. भ्रूण दुसऱ्या घोडीत वाढवणंही चालत नाही. तसं जन्मलेलं शिंगरू स्टड बुकात नोंदलं जात नाही, आणि नोंद नाही तर शर्यत नाही. आपल्याकडची ही नोंद स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातून ठेवते. आईबाप डीएनएवरून पडताळले जातात. या नियमामुळेच घोडीचं मोल वेगळं आहे. चांगला घोडा एका हंगामात शंभर घोड्यांना पुरतो. घोडी मात्र अकरा महिने पोटात वाढवते आणि वर्षाला फार तर एक शिंगरू देते.

त्यातही वर्ष तिच्या सोयीचं नाही. जानेवारीत जन्मलेलं असो वा मेमध्ये, कागदावर सगळ्यांचं वय १ जानेवारीलाच वाढतं. उशिरा जन्मलेलं शिंगरू चार-पाच महिन्यांनी मोठ्या सोबत्यांशी बरोबरीचं म्हणून धावतं. गाभणकाळ साधारण ३४० दिवसांचा, म्हणजे दर वर्षी तीच तारीख सांभाळायची तर व्यायल्यावर पंचविसेक दिवसांत घोडी पुन्हा गाभण राहायला हवी. व्यायल्यावर सात ते दहा दिवसांनी तिला माज येतोही. पण दमलेल्या, आतून नीट न सावरलेल्या घोडीवर त्या माजात घोडा घालायला मी नाही म्हणते. कॅलेंडरसाठी गर्भाशय पणाला लावायचं नसतं. यावरून वाद होतात, आणि ते मी घालते.

आज एक घोडी गाभणपणाच्या सोळाव्या दिवसाची आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन काळे ठिपके. जुळं. घोडीच्या पोटात दोघांना पुरेल एवढी जागा नसते. बहुतेकदा दोन्ही जातात, कधी घोडीही. एक ठिपका आत्ताच, बोटांच्या दाबाने फोडावा लागतो. हे काम मी कुणाशी न बोलता करते.

सकाळी ९.३०

घोडा आणतात. घोडीची शेपटी बांधलेली, अंग धुतलेलं, मागच्या पायांत जाड नमद्याचे बूट, म्हणजे लाथ बसली तरी घोड्याला इजा नको. चार माणसं, डोक्यावर हेल्मेटं, आणि बोलणारा एकच. पाच मिनिटांत सगळं आटोपतं.

सकाळी ११.००

नालबंद आले आहेत. शिंगरांना नाल नसते, खूर तासायचे असतात. एका महिन्याच्या शिंगराचा पुढचा पाय गाठीपाशी आत वळलाय. गाठीच्या वरच्या हाडाची वाढ तीनेक महिन्यांत जवळजवळ थांबते, म्हणून तो पाय आजच बघायचा, पुढच्या महिन्यात नाही. गुडघ्याला जास्त वेळ मिळतो, तिथे थोडं थांबता येतं. खुराची आतली कड किती तासायची यावर नालबंद आणि मी बराच वेळ उकिडवे बसून बोलतो. पुढे कधी हा घोडा महालक्ष्मी रेसकोर्सच्या वळणावर कलला नाही, तर त्याचं थोडं कारण इथे, या कानशीच्या चार फटक्यांत असेल.

दुपारी १.००

जेवण, आणि तासभर झोप.

दुपारी ३.००

मुंबईहून गाडी आली. पाच वर्षांची घोडी, शर्यतीतून निवृत्त. सोबत तिचा मोतद्दार आलाय. तिला सोडून लगेच परतायला तयार नाही. तीन शर्यती जिंकली, सांगतो, मग पुढच्या डाव्या पायाचा टेंडन गेला. माझ्या बोटांना अजून तिथली गरमी लागते. मोतद्दार तिच्या सवयी सांगतो आणि मी लिहून घेते: उजव्या बाजूने खोगीर घातलेलं आवडत नाही, पाणी बादलीतलंच पिते, विजा चमकल्या की घामाघूम होते. पावसाळ्यात पुणं, नोव्हेंबरपासून महालक्ष्मी, रोज अंधारात उठून कसरत, दिवसाचा बाकी वेळ बॉक्समध्ये. एवढीच दुनिया तिला माहीत आहे. मोकळ्या पॅडॉकमध्ये एकदम सोडली तर जखमी पायावर उधळेल. आधी छोटं कुंपण, शांत म्हातारी घोडी सोबतीला, ओट्स कमी, गवत जास्त. पोटात शिंगरू राहण्याआधी अंगातली शर्यत उतरायला हवी, आणि त्याला महिने लागतात.

शर्यतीत नाव काढलेलीच घोडी चांगली आई होते असं नाही. पण जिच्या आईने, आजीने धावणारी शिंगरं दिली, तिच्यावर मी विश्वास ठेवते. घोड्यांच्या व्यवहारात एका बापाच्या पोरांना भावंडं म्हणतच नाहीत. भावंडं म्हणजे एका आईची. अमेरिकेचा सेक्रेटेरियट ३० मार्च १९७० ला मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी जन्मला, तेव्हा त्याची आई समथिंगरॉयल अठरा वर्षांची होती. तीन वर्षांनी त्याने बेलमाँट स्टेक्स एकतीस लांबींनी जिंकली. स्टडला गेल्यावर मात्र त्याच्या मुलग्यांनी त्याचं नाव फारसं पुढे नेलं नाही. नेलं ते मुलींनी: स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी, गॉन वेस्ट हे तिघे नामांकित घोडे त्याच्या मुलींच्या पोटचे. आणि धावण्यातही घोडी मागे नाही: आपल्याकडे १९४३ साली पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने मारली.

संध्याकाळी ५.००

वर्षाची शिंगरं. हाताने चालवायची, उभं करायचं, पाय उचलू द्यायला शिकवायचं. यांतली काही लवकरच पाठीवर खोगीर घेतील, मग ट्रेनरकडे. दोन वर्षांनंतरच्या डिसेंबरात तीन वर्षांची म्हणून गिनीजच्या शर्यती धावतील, आणि फेब्रुवारीत तीच, दोन महिन्यांनी, चार वर्षांची म्हणून डर्बीच्या २४०० मीटरना उभी राहतील. बहुतेक कुठलीच राहणार नाहीत. पण चालवताना प्रत्येकाकडे राहणार असंच बघावं लागतं, एरवी हात सैल पडतो.

एका शिंगरीपाशी मी थांबते. तिची आई मागच्या वर्षी पोटशुळाने गेली. त्या घोडीची पाच शिंगरं धावली, पाचही जिंकली. पाचही नर होते आणि खच्ची झाले. ही एकटी मादी.

संध्याकाळी ७.००

ऑफिसात साहेब विक्रीची यादी घेऊन बसलेत. त्या शिंगरीच्या नावापुढे 'विक्री' लिहिलंय.

"साहेब, ही देऊ नका."

"डॉक्टर, आत्ता भाव आहे. बाप चालतोय."

"बाप पुढच्या हंगामातही चालेल. हिची आई परत येणार नाही."

ते आकडे मांडतात: दाणा, मोतद्दार, ट्रेनरची फी, चार-पाच वर्षं काहीच हाती न येता. आकडे खरे आहेत. मी म्हणते, मग शर्यतीपुरती लीजवर द्या. धावेपर्यंत खर्च घेणाऱ्याचा, बक्षिसातला वाटा आपला, आणि थांबली की फार्मवर परत. ते बराच वेळ यादीकडे बघतात. मग 'विक्री' खोडून 'लीज' लिहितात.

करारात एक ओळ मी माझ्या हाताने घालते: टेंडन किंवा गुडघ्याची तक्रार निघाली, तर इंजेक्शन देऊन धावडवायचं नाही, आठवड्याच्या आत घोडी फार्मवर. साहेब म्हणतात, या अटीवर घेणारे निम्मे लोक मागे फिरतील. फिरू देत. उरलेल्या निम्म्यांतल्या एका ट्रेनरचं काम मी पाहिलंय. सकाळच्या कसरतीनंतर, आठच्या सुमारास, त्यांना फोन करायचा.