भाला घ्यावा की गदा?

आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला एकाच डावावर हुकमत असलेला पैलवान ओळखू येतो. ढाक बसली की समोरचा आकाश पाहतो. पण जोडीदार सावध असेल, अंगाला अंग लागू देत नसेल, तर त्याच पैलवानाची पंचाईत होते. अवसरी बुद्रुकसारख्या गावातली मुलं आता लॅपटॉपवर पाळीपाळीने खेळायचे युद्धखेळ खेळतात, आणि सैनिकाला कोणत्या शस्त्रात तयार करायचं हा प्रश्न त्यांनाही पडतो. बहुतेक जण डॅमेजचा आकडा बघून ठरवतात. माझ्या मते तो शेवटी बघायचा आकडा आहे.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा 2003 पासून चालत आलेला, फुकट मिळणारा खेळ घेऊ. पट षट्कोनी घरांचा, सैनिक काल्पनिक राज्यांचे. भालाईत एका चकमकीत 7 ताकदीचे 3 वार करतो, गदावाला जड शिपाई 11 चे 2 आणि हलका तलवारबाज 4 चे 4. बेरीज अनुक्रमे 21, 22, 16. म्हणजे गदा सरस? समोर हाडांचा सापळा उभा असेल तर नक्कीच. भोसकणारं शस्त्र सापळ्याला 60 टक्के कमी लागतं, ठेचणारं 20 टक्के जास्त. दिवस-रात्रीनुसार ताकदीत पडणारा फरक बाजूला ठेवला तर भाल्याचे तिन्ही वार बसूनही सापळ्याच्या जिवाचे जेमतेम 9 गुण जातात, गदेच्या दोन वारांत 26. समोर घोडेस्वार आला की हिशेब उलटतो. भाला त्याला 20 टक्के जास्त लागतो आणि गदा बोथट पडते.

वारांची संख्या हा दुसरा मुद्दा, आणि नवखे खेळाडू इथेच फसतात. शत्रू वस्तीच्या आडोशाला असेल तर आपला प्रत्येक वार बसण्याची शक्यता बहुधा 40 टक्केच उरते. अशा वेळी गदेचे दोन्ही वार वाया जाण्याची शक्यता 36 टक्के, भाल्याचे तिन्ही फुकट जाण्याची सुमारे 22, तलवारीचे चारही हुकण्याची केवळ 13. शत्रूत दोन-चार गुणांचीच धुगधुगी उरली असेल, तर त्याला संपवायला तलवारबाजच पाठवावा.

पण मला सर्वांत जास्त भावतो तो भाल्याचा एक साधा हक्क: हल्ला कुणीही करो, पहिला वार भालाइताचा. लांबीचा फायदा खेळाने इतक्या नेमकेपणाने पकडला आहे. भाला रोखून घोडा फेकणाऱ्या स्वाराच्या धडकेत दोन्ही बाजूंचं नुकसान दुप्पट होतं. अशा स्वाराने भालाइतावर झेप घेतली तर त्यालाच आधी 17 गुणांचा फटका बसू शकतो, आणि तिन्ही वार लागले तर तो उरतच नाही.

लांबीचं हे मोल मराठी शस्त्रविद्येला नवं नाही. मर्दानी खेळातला विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकावा आणि दोरीने परत ओढून घ्यावा. फेकलेलं शस्त्र गमावण्याची अडचण दोरीने सोडवली. दांडपट्ट्याची गोष्ट वेगळी. पोलादी खोबळ्यात हात कोपरापर्यंत झाकलेला, म्हणून मनगट वळत नाही. सगळा फिरवा खांद्यातून आणि कोपरातून. चहूबाजूंनी वेढलेल्या एकट्या माणसाचं हे शस्त्र आहे, आणि ते अंगात मुरायला वर्षं लागतात. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली शिवाजीराजांवर धावून आलेल्या सय्यद बंडाला जिवा महालाने रोखलं, तेव्हा असं मुरलेलं कसब राजाच्या जिवाच्या कामी आलं.

हलक्या शस्त्राचं मोल मात्र आकड्यांत दिसतच नाही. वेसनॉथचा तलवारबाज शत्रूच्या रांगेतून न अडता निसटतो, जिथे इतरांना शेजारच्या घरात शत्रू दिसताच थांबावं लागतं. 1657 मध्ये शिवाजीराजांची माणसं रात्री दोरांच्या शिड्यांवरून जुन्नरच्या तटावर चढली आणि 3 लाख होन व 200 घोडे घेऊन गेली. अंगावर जड लोखंड घालून हे काम होत नाही.

सगळेच एका शस्त्राचे केले तर काय, याचं उत्तर खेळात पहिल्याच पराभवात मिळतं. निरनिराळे करूनही त्यांची सांगड मोडली तर काय, याचं उत्तर पानिपतात आहे. 14 जानेवारी 1761 ला मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकधारी पायदळाची रांग शिस्तीत पुढे सरकत होती. बाजूला राहून तिला आधार द्यायचा, ते विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार धीर न धरता शत्रूकडच्या रोहिल्यांवर धावले आणि त्यांच्या गोळीबाराने मागे फिरले. गारदी पुढे जिवावर उदार होऊन लढले, पण त्यांची बाजू उघडी पडली होती.

म्हणून खेळात सैनिक घ्यायला सुरुवातीला मिळणाऱ्या सोन्यात मी आधी दोन भालाईत घेईन आणि त्यांना खांद्याला खांदा लावून उभं करीन. गदावाला सापळे दिसल्यावर. तलवारबाज एकच, आणि तो रांगेच्या मागे राखून.