निवृत्तिपूर्व व निवृत्त्युत्तर कौटुंबिक अंदाजपत्रक : मुद्दल, महागाई आणि जीवनानंद

प्रस्तावना

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात घरखर्चाची वही ठेवण्याची परंपरा जुनी आहे. किराणा, दूध, वीजबिल, शाळेची फी, विम्याचा हप्ता, गृहकर्जाचा हप्ता अशा क्रमाने तिच्यातील नोंदी उतरत जातात. नाटकाची तिकिटे, दिवाळी अंक, कोकणातील चार दिवस किंवा डिसेंबरात पुण्याला जाऊन ऐकलेला सवाई गंधर्व महोत्सव यांना मात्र त्या वहीत स्वतःचे लेखाशीर्ष नसते. हे खर्च ‘किरकोळ’ या सदरात जातात, आणि महिनाअखेरीस ओढाताण झाली की सर्वप्रथम तेच कापले जातात. जे कापले गेले ते निवृत्तीनंतर करू, अशी स्वतःची समजूत घातली जाते.

प्रस्तुत लेखकाने वाणिज्य शाखेत सुमारे तीन दशके अध्यापन केले आणि त्या काळातील घरच्या सर्व वह्या जपून ठेवल्या आहेत. निवृत्तीनंतर त्या चाळताना असे आढळले की, ‘प्रवास’ या शब्दापुढे बहुतेक वर्षी गावी जाण्या-येण्याचे भाडे तेवढे नोंदलेले आहे. पत्नीसह रायगड पायी चढून जाण्याचा बेत जवळजवळ दर हिवाळ्यात ठरत असे आणि कोणत्या ना कोणत्या हप्त्यापायी पुढे जात असे. अखेर आम्ही रायगडावर गेलो ते रज्जुमार्गाने, कारण तोपर्यंत तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. भविष्य निर्वाह निधीत तेव्हा पुरेशी रक्कम होती. पैसा वेळेवर आला, परंतु ज्यासाठी तो राखला होता ती वेळ निघून गेली होती. कौटुंबिक अंदाजपत्रकाच्या विचारात हा मुद्दा सहसा येत नाही, म्हणून त्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

आयुष्यभराचे उत्पन्न व आयुष्यभराचा उपभोग

फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रूमबर्ग यांनी १९५४ मध्ये मांडलेला जीवनचक्र सिद्धान्त अर्थशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहे. व्यक्ती आपला उपभोग त्या त्या महिन्याच्या वेतनावरून ठरवत नाही, तर आयुष्यभराच्या अपेक्षित उत्पन्नावरून ठरवते. कमावत्या वयात ती बचत करते आणि निवृत्तीनंतर ती बचत हळूहळू खर्च करते, असे या सिद्धान्ताचे सार सांगता येईल. मोदिग्लियानी यांना १९८५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या कार्याचा मोठा वाटा होता.

सिद्धान्त सुबक असला तरी त्याच्या सोप्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी वाचवलेला रुपया पासष्टाव्या वर्षी तितकेच समाधान देईल, असे त्यात मानले जाते. धान्याच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. डोंगर चढणे, लहान मुलांबरोबर समुद्रावर जाणे किंवा वृद्ध आईवडिलांना एकदा काशीला नेणे यांच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. काही उपभोगांना वयाची मुदत असते आणि ती उलटल्यावर त्यांची किंमत मोजून ते परत मिळत नाहीत. म्हणून निवृत्तिपूर्व अंदाजपत्रकात ‘पुढे ढकलता येणारे आनंद’ आणि ‘न ढकलता येणारे आनंद’ असे दोन वर्ग करणे आवश्यक ठरते. वाचन, संगीतश्रवण, बागकाम किंवा नवी भाषा शिकणे हे पहिल्या वर्गात मोडते. ते साठीनंतरही तितकेच, किंबहुना अधिक निवांतपणे करता येते.

सवलतींच्या भरवशावर प्रवास लांबवणाऱ्यांचाही अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेच्या भाड्यात पुरुषांस ४० व स्त्रियांस ५० टक्के सवलत मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये काढून घेण्यात आली. साठी गाठली की भारतदर्शन करू म्हणणाऱ्या अनेकांना साठी भेटली, सवलत भेटली नाही. उलट राज्य परिवहनाच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळू लागला. तात्पर्य, पंधरा वर्षांनंतरच्या सवलतीवर आजचे नियोजन बेतणे हा सट्टाच होय.

एकाच प्राध्यापक-कक्षातील दोन निवृत्त्या

अनुदानित महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या निवृत्तीचे स्वरूप नेमणुकीच्या एका तारखेमुळे वेगळे झाले आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्यांना जुन्या नियमांनुसार निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर आलेल्यांना परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. पहिल्या प्रकारात मूळ निवृत्तिवेतनावर महागाई वाढ मिळत राहते. दुसऱ्या प्रकारात शासकीय अंशदात्याला जमा निधीपैकी कमाल ६० टक्के रक्कम एकरकमी काढता येते आणि किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी विकत घ्यावी लागते. ही वार्षिकी सर्वसाधारणपणे स्थिर रकमेची असते.

हा फरक कळण्यासाठी ७२ चा परिचित नियम पुरेसा आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागले असता किती वर्षांत किमती दुप्पट होतील, याचा अदमास मिळतो. भारतात २०१६ मध्ये ठरवण्यात आलेल्या चौकटीत महागाईचे लक्ष्य ४ टक्के आणि वरची मर्यादा ६ टक्के होती. नियोजनासाठी सावधपणे ६ टक्के धरल्यास किमती बारा वर्षांत दुप्पट होतात. अर्थात, साठाव्या वर्षी मिळू लागलेली दरमहा ६०,००० रुपयांची स्थिर वार्षिकी बहात्तराव्या वर्षी आजच्या ३०,००० रुपयांइतकीच खरेदी करील आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी १५,००० रुपयांइतकी. आकडा तोच राहतो, बँकेच्या पुस्तकात काहीही बिघडलेले दिसत नाही, आणि म्हणूनच ही घट धोकादायक आहे.

केंद्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी असून त्यावर महागाईची भरपाईही आहे. अशा स्वरूपाचा पर्याय ज्यांच्यापुढे येईल त्यांनी केवळ पहिल्या महिन्याच्या रकमांची तुलना न करता बाराव्या व चोविसाव्या वर्षीच्या रकमा मांडून पाहाव्यात. तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित तुकड्यांवर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र बहुधा यांपैकी कोणताच प्रश्न पडत नाही. त्यांना निवृत्तिवेतन स्वतःच उभारावे लागते. आपल्या प्राध्यापक-कक्षातील निवृत्तीविषयक चर्चा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चालते, याचे भान आपण फारसे ठेवत नाही.

मुद्दलाला हात न लावण्याचा भ्रम

‘काही झाले तरी मुद्दलाला हात लावायचा नाही’ हा आपल्या घरांतील अलिखित नियम आहे. त्याची छाननी एका उदाहरणाने करता येईल. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये तिची कमाल मर्यादा ३० लाख रुपये करण्यात आली आणि त्याच वेळी व्याजाचा दर ८.२ टक्के झाला. एका निवृत्त अध्यापकाने त्या दराने ३० लाख रुपये गुंतवले असे समजू. त्याला वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीस ६१,५०० रुपये व्याज मिळेल. तो ते सर्व खर्च करतो आणि मुद्दल अबाधित असल्याचे समाधान मानतो.

महागाई ६ टक्के असेल तर ३० लाखांची क्रयशक्ती टिकवण्यासाठी त्या मुद्दलात पहिल्याच वर्षी १,८०,००० रुपयांची भर पडावी लागते. म्हणजे हाती आलेल्या २,४६,००० रुपयांपैकी खरे उत्पन्न ६६,००० रुपयांचेच होते, उरलेले मुद्दलच होते. मुद्दलाला हात न लावण्याची शपथ घेतलेला हा गृहस्थ दर तिमाहीस नकळत मुद्दल खात असतो. त्याच वेळी पत्नीने हंपी-बदामीच्या सहलीचा विषय काढला की तो मुद्दल मोडावे लागेल म्हणून नकार देतो. एकीकडे बेसावधपणा आणि दुसरीकडे अनाठायी भय, असे हे विचित्र मिश्रण आहे.

तर मग काय करावे? मुद्दलाची क्रयशक्ती जशीच्या तशी राखून वर्षाला ६६,००० रुपयांवर भागवणे, हा वारसांच्या दृष्टीने आदर्श मार्ग असला तरी जीवनचक्राच्या दृष्टीने तो अनावश्यक त्याग होय. मधला मार्ग हिशेबाने काढता येतो. व्याज ८.२ व महागाई ६ टक्के धरून हे ३० लाख रुपये पंचवीस वर्षांत जाणीवपूर्वक संपवावयाचे ठरवल्यास, आजच्या किमतींच्या परिमाणात दरवर्षी सुमारे १,५५,००० रुपये खर्च करता येतात. प्रत्यक्ष रुपयांत ही रक्कम दरवर्षी महागाईइतकी वाढत जाते. पहिल्या वर्षी व्याजाचा बराचसा भाग पुन्हा गुंतवावा लागतो, तर उत्तरार्धात मुद्दल क्रमाने कमी होते.

सर्व वर्षे सारखी धरण्याचेही कारण नाही. साठ ते सत्तर या दशकात पाय चालतात, त्यानंतर हिंडणे-फिरणे मंदावते. म्हणून पहिली दहा वर्षे आजच्या किमतीने वार्षिक २,००,००० रुपये आणि नंतरची पंधरा वर्षे सुमारे १,१५,००० रुपये अशी विभागणी केली, तरी तोच निधी तितकीच वर्षे पुरतो. या आकडेमोडीत आयकर धरलेला नाही. शिवाय या योजनेची मुदत पाच वर्षांची असल्याने पुढील दराची शाश्वती नाही, म्हणून व्यवहारात याहून थोडा कमी आकडा धरावा. ज्याला महागाई वाढीसह जुने निवृत्तिवेतन आहे त्याला अशी पुढच्या वर्षांतून उचल घेणे सहज परवडते. स्थिर वार्षिकीवर जगणाऱ्याने मात्र एकरकमी मिळालेल्या ६० टक्क्यांतील मोठा भाग सत्तरीनंतरच्या दैनंदिन खर्चासाठी राखणे अपरिहार्य आहे. दोघे सहकारी एकाच सहलीला जाऊ शकतील, परंतु दोघांचे हिशेब एक नसतील.

आनंदाचे लेखाशीर्ष

ज्या खर्चाला लेखाशीर्ष नसते तो खर्च चोरून होतो किंवा होतच नाही. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये ‘मानसिक लेखांकन’ ही संकल्पना विशद केली. माणूस सर्व पैसा एकसारखा मानत नाही, मनात निरनिराळे कप्पे करतो, असे तिचे मर्म आहे. आपल्या आजी-आईने डाळ-तांदळाच्या डब्यांत दडवलेल्या नोटा हे त्याच संकल्पनेचे उपयोजन होते, नोबेल पारितोषिक तेवढे त्यांना मिळाले नाही. या प्रवृत्तीचा उपयोग आपल्या हिताकरिता करता येतो. वेतन जमा होताच भविष्य निर्वाह निधीची वजावट होते, तशीच एक लहान रक्कम आवर्ती ठेवीत ‘आनंद’ या नावाने वर्ग करावी. प्रमाण पाच टक्के असो वा तीन, ते कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. मात्र एकदा ठरल्यावर ती रक्कम फ्रिज दुरुस्तीकडे वळवू नये आणि वर्ष संपण्यापूर्वी ती खर्चावी. शिल्लक राहिली तर तिचे अभिनंदन करू नये.

हे अंदाजपत्रक मासिक न करता वार्षिक करणे श्रेयस्कर. सण, सहल, लग्नकार्यातील आहेर, विम्याचा हप्ता हे खर्च महिन्याच्या चौकटीत बसत नाहीत आणि प्रत्येक वेळी ‘अनपेक्षित’ म्हणून येतात. वास्तविक गणपती दरवर्षी येतो हे सर्वांस ठाऊक असते.

निवृत्तिपूर्व दशकात या लेखाशीर्षावर सर्वांत मोठे आक्रमण होते ते मुलांच्या निमित्ताने. शिक्षणावरील खर्च समर्थनीय आहे. परंतु विवाहसमारंभावर उपदानाएवढी रक्कम उधळणे, किंवा मुलाच्या पुण्यातील सदनिकेसाठी भविष्य निर्वाह निधी रिकामा करणे, याबाबत स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक वाटते. सदनिकेसाठी मुलाला कर्ज मिळते. निवृत्त आईवडिलांना जगण्यासाठी कोणतीही बँक त्या सहजतेने कर्ज देत नाही. हे सांगणे कटू आहे, तरी ते मुलाच्या पंचविशीत सांगितलेले बरे, त्याच्या चाळिशीत त्याच्याकडे हात पसरण्यापेक्षा.

आजारपण आणि मागे राहणारा जोडीदार

वैद्यकीय खर्चाचे भय हे आनंदावरील खर्च रोखण्याचे सर्वांत सबळ कारण होय, आणि ते निराधार नाही. त्यावर उपाय म्हणजे त्या भयाला स्वतंत्र तरतूद देणे. नोकरीत असतानाच, प्रकृती चांगली असताना घेतलेला आरोग्य विमा पुढे चालू ठेवणे सोपे जाते. साठीनंतर नव्याने घेऊ म्हटल्यास अटी जाचक होतात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. तसेच आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. यांपलीकडे औषधे व किरकोळ उपचारांसाठी सहा-आठ महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सहज मोडता येईल अशा ठेवीत असावी. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशावर आजारपणाचा हक्क सांगता येत नाही.

शेवटची बाब बहुतेक घरांत बोलली जात नाही. निवृत्त्युत्तर अंदाजपत्रक दोनदा मांडावे लागते, एकदा दोघांसाठी आणि एकदा एकासाठी. जुन्या नियमांनुसार निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के असते, तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दर ३० टक्के आहे. घरभाडे, देखभाल खर्च, वीज, कामवाल्या बाईंचा पगार हे खर्च मात्र माणसे दोनाची एक झाली म्हणून निम्मे होत नाहीत. वार्षिकी विकत घेतानाही जोडीदाराला ती पुढे चालू राहील असा पर्याय घेतला आहे की नाही, हे अनेक गृहिणींना ठाऊक नसते. आमच्या घरच्या वहीत यंदा हे दुसरे अंदाजपत्रक पत्नीने स्वतःच्या अक्षरात लिहिले. त्यात खात्यांचे क्रमांक आहेत, नामनिर्देशनाच्या नोंदी आहेत, आणि खाली ‘आनंद’ या शीर्षापुढे तिने आकडा घातला आहे, तो मी सुचवलेल्या आकड्याहून अधिक आहे.