बसणे आणि जुळणे

आमच्या घराच्या मागील पडवीत एक जावा मोटारसायकल अनेक वर्षे गोणपाटाखाली उभी होती. ती 1968 ची. वडील कापसाच्या व्यवहारात होते. हंगामात कारंजाहून मूर्तिजापूरला जायचे, तर एक तर शकुंतला गाडीची वाट पाहायची किंवा जावा काढायची. वडिलांनी बहुधा दुसराच मार्ग पत्करला.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतला. एके दिवशी तो उत्साहाने म्हणाला, "काका, येझदी रोडकिंगचा सिलिंडर-पिस्टन मिळतो आहे. एकाच कारखान्याची गाडी आणि तीही अडीचशेचीच. बसवून टाकू या."

मी लगेच होकार दिला नाही. त्यास एक जुने कारण होते.

1997 च्या सुमारास याच गाडीचा पिस्टन झिजला होता. मी तेव्हा बाहेरगावच्या शाखेत होतो आणि दोन दिवसांच्या रजेवर आलो होतो. मूळ पिस्टन मिळेना. एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी दुसऱ्या मॉडेलचा, दिसायला अगदी तसाच पिस्टन पुढे केला. "बसते ना साहेब, काई फरक नाई पडत," असे ते म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान डोलावली. ना माप घेतले, ना चौकशी केली. पंधरवड्यातच मूर्तिजापूरच्या वाटेवर रिंग तुटली, सिलिंडरला खोल चर पडले आणि सत्तरीकडे झुकलेल्या वडिलांना ती गाडी उन्हातून ढकलत आणावी लागली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मात्र त्यानंतर त्यांनी जावाला हात लावला नाही. बँकेत असताना कागदपत्रे तपासल्यावाचून मी कधी कर्ज मंजूर केले नाही. घरच्या बाबतीत मात्र तपासणी न करताच सही केली, ही बोच राहिली.

ही अडचण केवळ आमचीच नव्हे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने चेक तंत्रज्ञानाच्या आधारे 1960 च्या दशकारंभी या गाड्या तयार करण्यास सुरुवात केली. 1973 पासून त्या येझदी या नावाने येऊ लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. कारखाना मिटला की मूळ सुटे भाग दुर्मीळ होतात आणि 'याचे त्याला' लावण्याची प्रथा सुरू होते. राजदूत, बुलेट, यामाहा यांच्या जुन्या गाड्यांबाबतही हेच चालते. काही भाग खरोखरच अदलाबदल करण्याजोगे असतात, त्यामुळे ही प्रथा सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. चूक होते ती 'बसते' आणि 'जुळते' यांत फरक न केल्याने.

प्रथम साधे गणित पाहू. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची वरखाली होण्याची धाव या दोन मापांवरून इंजिनाचे घनफळ ठरते. यामाहा आर.एक्स. 100 मध्ये व्यास 50 मिलिमीटर आणि धावही 50 मिलिमीटर, म्हणून घनफळ सुमारे 98 सी.सी. त्याच घराण्यातील 135 च्या मॉडेलची धाव तीच, 50 मिलिमीटर. व्यास मात्र 58. घनफळ होते सुमारे 132 सी.सी. व्यास वाढला 16 टक्के, पण घनफळ वाढले जवळजवळ 35 टक्के, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चक्रवाढ व्याजाप्रमाणे येथेही लहानसा दिसणारा फरक अंती मोठा ठरतो. बुलेटचेही तसेच आहे. साडेतीनशेच्या बुलेटचे माप 70 बाय 90 आणि पाचशेच्या बुलेटचे 84 बाय 90. धाव समान असल्याने मोह होतो. परंतु मोठ्या सिलिंडरचा खालचा गळा जुन्या क्रँककेसच्या तोंडात मावण्यासाठी ते तोंड कापून रुंद करावे लागते. एकदा कापलेले धातूचे तोंड पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय क्रँकवरील तोलाचे वजन मूळ पिस्टनच्या हिशेबाने ठरवलेले असते. जड पिस्टन लावला की गाडी थरथरते आणि बेअरिंगचे आयुष्य घटते.

जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत प्रकरण आणखी नाजूक असते. तेथे फोर-स्ट्रोकप्रमाणे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट, म्हणजे खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना आपल्या कडांनी त्या उघडतो व झाकतो. इंधन केव्हा आत यावे, धूर केव्हा बाहेर जावा, याचे सारे वेळापत्रक त्या खिडक्यांच्या उंचीवर आणि पिस्टनच्या लांबीवर अवलंबून असते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकाने गाडीचा स्वभाव बदलतो. जुन्या जावाची शक्ती सुमारे 12 अश्वशक्ती होती आणि रोडकिंगची 16. दोन्ही गाड्या अडीचशेच्याच गटातील, तरी एवढे अंतर पडते. यावरूनच दोहोंची आतली आखणी एक नाही हे ध्यानात यावे.

पिस्टनचेही तसेच. त्याचा व्यास जुळला म्हणजे काम झाले असे नाही. पिस्टनमधून आरपार जाणाऱ्या पिनची जाडी पाहावी लागते. त्या पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची मोजावी लागते. ती अधिक असेल तर माथा वर हेडला थडकू शकतो; कमी असेल तर दाब घटतो. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रिंगच्या खाचेतील बारीकशी खुंटी. रिंग गोल फिरू नये आणि तिची उघडी टोके नेहमी सलग भिंतीवरूनच सरकावीत, यासाठी ती असते. खिडक्यांच्या जागा वेगळ्या असलेल्या सिलिंडरमध्ये दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन घातला, तर हीच टोके एखाद्या खिडकीत अडकतात आणि रिंग तुटते. आमच्या जावाचे नेमके हेच झाले होते. जुना पिस्टन कागदावर ठेवून पुतण्याने खुंटीची जागा आखली, तेव्हा सव्वीस वर्षांपूर्वीचा दोष दोन मिनिटांत उघड झाला.

या विषयाला कायद्याचीही बाजू आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो, सिलिंडरवर नव्हे. त्यामुळे सिलिंडर बदलला तरी क्रमांक तोच राहतो. घनफळ मात्र बदललेले असू शकते. खातेवहीत नोंद जुनी आणि तिजोरीत ऐवज निराळा, असा हा प्रकार होय. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाने परस्पर करावयाचा नसतो. जुलै 2021 मध्ये केंद्र शासनाने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली वाहनेच त्यात येतात. आमची जावा वयाच्या अटीत बसत होती. रोडकिंगचा सिलिंडर लावला असता तर तिच्या मूळ स्वरूपाविषयी प्रश्न उभा राहिला असता.

म्हणून आम्ही लांबचा मार्ग निवडला. चर पडलेला मूळ सिलिंडर टाकून न देता अकोल्याच्या एका लेथवर त्यात नवी स्लीव्ह बसवून घेतली. खिडक्या जुन्या मापाने कापल्या आणि कडा गुळगुळीत केल्या. 65 मिलिमीटरचा, याच मॉडेलचा पिस्टन शोधण्यास तीन महिने लागले. तो हाती आल्यावर पुतण्याने व्यास, पिन, माथ्याची उंची, खुंटीची जागा अशी एकेक नोंद वहीत केली आणि ती वही तपासणीसाठी माझ्यापुढे ठेवली. मी प्रत्येक माप स्वतः पुन्हा घेतले आणि मगच खाली सही केली. त्या सहीला सव्वीस वर्षे उशीर झाला होता.

वाचकहो, आपल्याही घरी वाडवडिलांची एखादी मोटारसायकल पडून असेल, तर तिला अवश्य जागे करा. मात्र जुना भाग भंगारात देण्याची घाई करू नका. नव्या भागाचे माप घेण्यासाठी तोच खरा पुरावा असतो. कोणी "बसते" म्हणाले, तर "जुळते का?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर मापपट्टीकडून घ्या.

गेल्या दिवाळीनंतर जावा सुरू झाली. पहिले काही शे किलोमीटर नवा पिस्टन रुळेपर्यंत सावकाश चालवायचे असतात. पुतण्या पुढे आणि मी मागे असे आम्ही मूर्तिजापूरला गेलो व सायंकाळी परतलो. वडिलांनी ज्या वाटेने गाडी ढकलत आणली होती, त्याच वाटेने ती या वेळी स्वतःच्या बळावर घरी आली.